रिप्सॅलिस: झाडावर वाढणाऱ्या झुलत्या निवडुंगाची घरातली निगा

रिप्सॅलिसची कुंडी घरी आल्यावर पहिल्या वर्षातच दगावली, तर त्यात मोठा वाटा बहुधा तिच्यावर चिकटवलेल्या ‘कॅक्टस’ या चिठ्ठीचा असतो. ती चिठ्ठी वाचून माणूस कुंडी कडक उन्हात ठेवतो, महिन्यातून एकदा पाणी घालतो आणि फांद्या पिवळट पडून सुरकुतू लागल्या की घाबरून रोज पाणी घालू लागतो. तहानेने आधीच निम्म्या वाळलेल्या मुळांना तो चिखल सोसत नाही आणि ती कुजतात. चिठ्ठीवरचा शब्द चुकीचा नाही, कारण रिप्सॅलिस निवडुंगाच्याच कुळातली आहे. पण हा निवडुंग पावसाळी जंगलातला आहे, आणि तिथेही तो जमिनीवर नव्हे तर झाडावर वाढतो, एवढी एक गोष्ट चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

या वंशात साधारण चाळीस जाती आहेत आणि त्यांतल्या सर्वाधिक जाती ब्राझीलच्या आग्नेय भागातील अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात सापडतात. तिथे मोठ्या वृक्षांच्या बेचक्यांत पालापाचोळा आणि शेवाळ साचते. त्या ओंजळभर कुजलेल्या पाल्यात रिप्सॅलिस मूळ धरते आणि तिच्या बारीक, दोरीसारख्या फांद्या खाली लोंबू लागतात. पाऊस वारंवार पडतो, पण फांदीवर पाणी थांबत नाही. काही मिनिटांत ते निथळून जाते आणि मुळांभोवती पुन्हा हवा खेळू लागते. ऊन पोहोचते तेही वरच्या पानांतून गाळून. घरातल्या निगेचे जवळपास सगळे नियम या बेचक्यातून निघतात, त्यामुळे एखाद्या बाबतीत शंका आली तर ‘झाडाच्या बेचक्यात काय झाले असते?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर सहसा बरोबर येते.

झाडावर वाढते म्हणून तिला बांडगूळ समजू नये. बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या आत घुसवून त्याचा रस घेते. रिप्सॅलिस केवळ बसायला जागा घेते. गैरसमज मात्र जुना आहे आणि तो शास्त्रज्ञांचाही झाला होता. तिच्या सर्वांत परिचित जातीला, म्हणजे रिप्सॅलिस बॅसिफेराला, अठराव्या शतकात प्रथम कॅसिथा या वंशात घातले गेले होते, आणि कॅसिथा ही आपल्याकडच्या अमरवेलीसारखी दिसणारी परोपजीवी वेल आहे. बिनपानाच्या, लोंबणाऱ्या, पांढरी फळे धरणाऱ्या दोऱ्यांचा तो गुंता पाहून निवडुंग कोणाला आठवेल? रिप्सॅलिस हे वंशनाम जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ गर्टनर यांनी १७८८ मध्ये दिले. वेताच्या किंवा काटक्यांच्या विणकामासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. हीच बॅसिफेरा अमेरिका खंडांबाहेर नैसर्गिकरीत्या आढळणारी एकमेव निवडुंगाची जात मानली जाते. ती उष्णकटिबंधीय आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंका येथेही रानात वाढते.

कोणती निवडावी

नवख्याने बॅसिफेराच घ्यावी. तिच्या फांद्या पेन्सिलीपेक्षाही बारीक, गोल आणि गुळगुळीत असतात, काटे जवळजवळ नसतात आणि कुंडीतही त्या सहज हातभर-दोन हात लोंबतात. सिरियुस्क्युला ही जात तांदळाच्या दाण्यांसारख्या छोट्या कांड्यांची आणि झुपकेदार असते. थोडी वाढली की ती भाराने झुकते. पायलोकार्पाच्या फांद्यांवर मऊ पांढरी लव असते आणि तिची फुले सुवासिक असतात. पॅराडॉक्साच्या फांद्या साखळीच्या पिळदार कड्यांसारख्या दिसतात, तर एलिप्टिका आणि क्रिस्पाटा यांच्या फांद्या इतक्या चपट्या असतात की पाहणारा त्यांना पाने समजतो. या सर्वांची निगा थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

निवडताना एक खात्री करून घ्यावी. शेर नावाची जी बिनपानाची, हिरव्या कांड्यांची वनस्पती कुंपणाला लावतात, तिचे कोवळे रोप काही वेळा गोल फांद्यांच्या रिप्सॅलिससारखे भासते. शेराचे टोक मोडले की पांढरा चीक येतो आणि तो कातडीला, विशेषतः डोळ्यांना, फार त्रासदायक असतो. रिप्सॅलिसचे टोक मोडले तर फक्त पाण्यासारखा पातळ रस दिसतो. त्यानंतर कुंडी उचलून पाहावी. फांद्या बुंध्याशी भरीव आणि घट्ट असाव्यात. टोके सुरेख दिसत असूनही बुंधा बोटाखाली मऊ लागत असेल, तर ते रोप कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये.

प्रकाश

भरपूर उजेड, पण भर दुपारचे ऊन नको. सकाळचे कोवळे ऊन तास-दोन तास मिळाले तर चांगलेच. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची. पश्चिमेच्या किंवा अधिक उन्हाच्या खिडकीत झिरझिरीत पडदा मध्ये असावा. ऊन जास्त होत असेल तर फांद्यांचा रंग प्रथम फिकट होतो आणि मग त्यावर तांबूस छटा चढते. ही छटा म्हणजे लगेच रोग नव्हे, पण कुंडी दोन हात मागे सरकवण्याची सूचना मात्र आहे. उजेड कमी पडत असल्याची खूण याउलट हळू दिसते: नव्या फांद्या जुन्यांपेक्षा बारीक आणि फिकट येतात, कांड्यांमधले अंतर वाढते आणि झुपका विरळ होत जातो. अंधाऱ्या कोपऱ्यातही हे रोप बराच काळ तग धरते, म्हणून त्याला ‘कमी उजेडाचे झाड’ म्हणून खपवले जाते. तग धरणे आणि वाढणे यांत फरक आहे.

माती आणि कुंडी

बागेतली माती या रोपाला अजिबात वापरू नये. तिचे कण बारीक असतात, पाणी पडले की ते एकमेकांना चिकटून बसतात आणि मुळांना हवा मिळत नाही. रिप्सॅलिसची मुळे केसांसारखी बारीक आणि उथळ असतात. काही दिवस कोरडे राहणे त्यांना चालते, पण हवेवाचून ओल्यात राहणे चालत नाही. मी वापरतो ते मिश्रण साधे आहे: एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग ऑर्किडसाठी मिळतात तसे झाडाच्या सालीचे तुकडे आणि एक भाग परलाइट, म्हणजे खनिजाचे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे. त्यात मूठभर चाळलेले गांडूळखत मिसळतो. मिश्रण ओले करून मुठीत दाबले आणि मूठ उघडली, तर त्याचा गोळा टिकता कामा नये. तो लगेच विखुरला पाहिजे. गोळा टिकला तर साल आणि परलाइट वाढवावे. केवळ वाळूवर भर असलेले ‘कॅक्टस मिक्स’ही इथे योग्य नाही, कारण त्यात पाचोळ्याचा अंश नसतो आणि ओल फार लवकर उडते.

कुंडी उथळ आणि मुळांच्या पसाऱ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर मोठी असावी. मोठ्या कुंडीत रोप लवकर वाढेल हा समज इथे उलटा पडतो: ज्या मातीत मुळे पोहोचलेलीच नाहीत, ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कूज तिथून सुरू होते. तळाला भोके हवीतच. माझी पहिली रिप्सॅलिस मी अशाच एका चुकीने घालवली. रोपवाटिकेच्या प्लास्टिकच्या कुंडीला भोके होती, पण ती कुंडी मी एका देखण्या, बिनभोकाच्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवली होती. वरून माती नेहमी व्यवस्थित कोरडी दिसायची. दोन महिन्यांनी आतली कुंडी बाहेर काढली तेव्हा भांड्याच्या तळाशी तीन बोटे काळपट पाणी होते आणि मुळांना गटारासारखा वास येत होता. तेव्हापासून बाहेरचे भांडे वापरायचे असेल तर पाणी घालताना आतली कुंडी काढून न्हाणीत नेतो आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवतो.

कुंडी टांगायची असेल तर हुक आणि दोरी ओल्या कुंडीच्या वजनाच्या हिशेबाने निवडावी. वाढलेले रोप, भिजलेले मिश्रण आणि कुंडी मिळून अंदाजापेक्षा बरेच जड होते.

पाणी

आठवड्यातून किती वेळा, हा प्रश्न सोडून द्यावा. तेच रोप त्याच घरात उन्हाळ्यात पाच दिवसांनी पाणी मागते आणि थंडीत तीन आठवडे मागत नाही. बोटाचे एक पेर मिश्रणात खुपसून पाहावे. तेवढे कोरडे लागले तर पाणी घालावे, ओलसर लागले तर थांबावे. याहून खात्रीची रीत वजनाची आहे. माझ्याकडील तेरा सेंटिमीटरच्या एका कुंडीचे वजन भरपूर पाणी घालून निथळल्यावर ७८० ग्रॅम भरते आणि साधारण ५२० ग्रॅमवर आले की फांद्यांचा तजेला किंचित कमी झालेला दिसतो. पहिले काही आठवडे मी स्वयंपाकघरातला काटा वापरत होतो; आता कुंडी हातात घेतली की कळते. प्रत्येक कुंडीचे आकडे वेगळे येतील, पण हाताला ही सवय लागली की बोट घालण्याचीही गरज उरत नाही.

पाणी घालायचे तेव्हा घोट-घोट घालू नये. तळाच्या भोकांतून वाहून येईपर्यंत घालावे, पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. जंगलातल्या सरीसारखी ही रीत मुळांना सगळीकडून भिजवते आणि पाणी खाली उतरताना आपल्यामागे ताजी हवा ओढून घेते. कोकोपीट फार काळ कोरडे राहिले असेल तर ते आकसून पाणी शोषेनासे होते. वरून घातलेले पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी अर्ध्या उंचीइतक्या पाण्यात अर्धा तास उभी करावी, आणि मग निथळून जागेवर ठेवावी.

पाणी जड असेल, म्हणजे क्षारांचे प्रमाण जास्त असेल, तर काही महिन्यांत मातीवर पांढरट पापुद्रा दिसतो. या रोपाला किंचित आम्लधर्मी मिश्रण मानवते, त्यामुळे पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तम. ते नसेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुऊन काढावेत.

आता सर्वांत फसवे लक्षण. फांद्या सुरकुतल्या की माणसाला तहानच दिसते, पण तहानलेले रोप आणि मुळे कुजलेले रोप वरून सारखेच दिसतात, कारण दोन्ही ठिकाणी पाणी फांदीपर्यंत पोहोचलेले नसते. फरक मातीत असतो. कुंडी हलकी आणि माती कोरडी असेल तर पाणी घालावे. एक-दोन दिवसांत फांद्या पुन्हा भरतात. कुंडी जड आणि माती ओली असूनही फांद्या लोळागोळा झाल्या असतील, तर आणखी पाणी घालणे म्हणजे उरलेल्या मुळांचाही शेवट करणे होय. रोप बाहेर काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ फिकट रंगाचे आणि चिवट असते. कुजलेले मूळ गडद, लिबलिबीत असते आणि ओढले की त्याची साल मोज्यासारखी निघून आत नुसता धागा उरतो. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने काढून टाकावा, दिवसभर सावलीत सुकू द्यावे आणि नव्या, जेमतेम ओलसर मिश्रणात लावावे. बुंध्यापर्यंत कूज पोहोचली असेल तर मूळ रोपाचा मोह सोडून टोकांची कलमे घ्यावीत.

हवा, तापमान, खत

१५ ते २७ अंश सेल्सिअस ही सुखाची मर्यादा. १० अंशांच्या खाली नेऊ नये. दमट हवा आवडते, पण त्यासाठी दिवसातून दहा वेळा फवारे मारण्याची आवश्यकता नाही, कारण फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांतच उडून जातो. दोन-चार कुंड्या जवळजवळ ठेवल्या किंवा उजेडाच्या न्हाणीघरात जागा दिली, तर अधिक उपयोग होतो. वातानुकूलन यंत्राचा थेट झोत मात्र टाळावा. खत वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, पाकिटावर दिलेल्या मात्रेच्या निम्मे, आणि तेही ओल्या मातीत द्यावे. वाढ थांबलेल्या काळात देऊ नये. पाचोळ्यावर जगणाऱ्या झाडाची भूक एवढीच असते.

मिश्रण दोन-तीन वर्षांत कुजून बारीक होते आणि घट्ट बसते, तेव्हा ते बदलावे. कुंडी मोठी करण्याची गरज बहुधा नसते. फुलांचा काळ संपल्यावर हे काम केलेले बरे.

फुले, फळे आणि छाटणी

फुले लहान, सहसा एक सेंटिमीटरच्या आसपास, पांढरी किंवा पिवळसर असतात आणि ती प्रामुख्याने हिवाळ्यात आणि वसंतात येतात. थंडीच्या दीड-दोन महिन्यांत रात्री थोड्या गार, साधारण १२ ते १५ अंशांच्या, मिळाल्या आणि पाणी जरा ओढून धरले तर कळ्या चांगल्या धरतात. कळ्या दिसू लागल्यावर पाणी पूर्ववत करावे आणि कुंडीची जागा बदलू नये; दिशा बदलली की कळ्या गळण्याची भीती असते. बॅसिफेराला फळधारणेसाठी दुसऱ्या रोपाची किंवा कीटकांची वाट पाहावी लागत नाही. तिची मोत्यांसारखी पांढरी, अर्धपारदर्शक फळे फांदीवर महिनोन् महिने टिकतात, आणि माझ्या मते ती फुलांपेक्षा देखणी असतात.

छाटणी फार लागत नाही. बुंध्याकडचा विरळ भाग भरून यावा यासाठी दोन-तीन लांब फांद्या मुळाशी किंवा सांध्याशी कापाव्यात. पायलोकार्पा आणि सिरियुस्क्युला यांची फुले मुख्यतः टोकांना येतात, म्हणून त्यांची टोके कळ्यांच्या आधी कापली तर त्या वर्षीचा बहर गेलाच म्हणून समजावे. जुन्या फांद्या बुंध्याशी तपकिरी आणि कडक होतात. ते वयाचे लक्षण आहे, कूज नव्हे. कूज मऊ असते, हे बोटाने दाबून ठरवता येते. फांद्यांच्या मध्येच फुटणारे पांढरट-तपकिरी धागे ही हवाई मुळे आहेत. ती कापू नयेत.

किडी

सर्वांत चिवट शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. फांद्यांच्या सांध्यांत कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की लगेच कुंडी इतर रोपांपासून दूर न्यावी. पायलोकार्पाच्या लवेत ते सहज लपतात, तिथे भिंग घेऊनच पाहावे. कापसाचा बोळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून प्रत्येक ठिपका पुसावा आणि आठवड्याच्या अंतराने हे तीन-चार वेळा करावे, कारण अंड्यांतून नवी पिल्ले निघत राहतात. पसारा वाढला असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि दोन-तीन थेंब पातळ साबण घालून संध्याकाळी फवारावे. तेल लावलेले रोप उन्हात ठेवल्यास फांद्या भाजतात. खवले कीड तपकिरी फोडांसारखी दिसते आणि ती नखाने खरवडून निघते. हवा फार कोरडी असेल तर लाल कोळी येतो आणि फांद्या निस्तेज, धुळकट दिसू लागतात. अशा रोपाला नळाखाली धरून चांगले धुवावे.

नवी रोपे

या वनस्पतीइतकी सहज लागणारी कलमे थोडीच असतील. दहा-बारा सेंटिमीटर लांबीची, निरोगी टोके सांध्याशी कापावीत आणि दोन-तीन दिवस सावलीत, कोऱ्या कागदावर पसरून ठेवावीत. कापलेल्या तोंडावर कोरडी, किंचित आत ओढलेली खपली धरली की ते लावायला तयार झाले. ताजे कापलेले टोक ओल्या मिश्रणात खोवले तर जखमेतून कूज शिरते. दोन सेंटिमीटर खोल, एका छोट्या कुंडीत आठ-दहा कलमे मिळून लावावीत; एक-एकटे कलम लावले तर झुपका व्हायला वर्षे लागतात. कलम उभे राहत नसेल तर काडीचा आधार द्यावा. मिश्रण जेमतेम ओलसर ठेवावे आणि उजेड द्यावा, ऊन देऊ नये. तीन ते सहा आठवड्यांनी कलम हलकेच ओढून पाहावे. त्याने विरोध केला तर मुळे फुटली आहेत.

ज्याला घाई नाही त्याने बी पेरून पाहावे. पिकलेले फळ दोन बोटांत दाबले की चिकट गरातून काळपट, बारीक बिया बाहेर येतात. हा चिकटपणा पक्ष्याच्या चोचीमार्फत बी दुसऱ्या फांदीला चिकटवण्यासाठी असतो, पण कुंडीत त्यावर बुरशी येते, म्हणून बिया कागदी रुमालावर चोळून स्वच्छ कराव्यात. ओल्या मिश्रणावर त्या नुसत्या पसराव्यात, मातीने झाकू नयेत, आणि वर पारदर्शक झाकण ठेवून उजेडात, पण उन्हापासून दूर ठेवावे. बहुधा काही आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. ही पिल्ले पाहण्यासारखी असतात: ती लोंबत नाहीत, सरळ उभी राहतात, कोनदार असतात आणि त्यांच्या अंगावर चक्क बारीक केसाळ काटे असतात. चुकून दुसऱ्याच निवडुंगाचे बी पेरले की काय असे वाटावे इतकी ती वाळवंटातल्या भाऊबंदांसारखी दिसतात. पुढे रोप जरा मोठे झाले की एखाद्या टोकातून पहिली गुळगुळीत, बिनकाट्याची दोरी निघते आणि खाली वळू लागते. तेव्हा ते टांगत्या कुंडीत हलवावे.